शाळेच्या आराखड्यातील ऊन

बँकेत असताना शाळांच्या इमारतींसाठी मागितलेल्या कर्जांचे अनेक प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले. जमिनीची कागदपत्रे, अंदाजपत्रक, तारण, विश्वस्तांची पत हे सारे मी काटेकोरपणे तपासले. परंतु वर्गाच्या खिडक्या कोणत्या दिशेला उघडतात, हे एकदाही विचारले नाही. निवृत्तीनंतर आमच्या भागातील एका संस्थेच्या बांधकाम समितीवर गेलो, तेव्हा या अनवधानाचे मोल कळले. पश्चिमेला काच, वर पत्रा. एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरील मुले वर्ग सोडून जिन्याच्या सावलीत बसलेली. त्या इमारतीचे कर्ज मीच मंजूर केले होते.

आता दुसरी इमारत व्हायची आहे, म्हणून जैसलमेरजवळच्या कनोई येथील राजकुमारी रत्नावती कन्या विद्यालयाचा अभ्यास केला. थरच्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या जवळ जातो, तरीही सुमारे ४०० मुलींसाठीची ही शाळा वातानुकूलन यंत्रांवाचून चालते. वास्तुविशारद डायना केलॉग यांनी तिला अंडाकृती आकार दिला आणि मधोमध अंगण ठेवले. भिंती तेथल्याच पिवळ्या वालुकाश्माच्या, स्थानिक कारागिरांनी हाताने घडविलेल्या. आतून चुन्याचा गिलावा. दगडी जाळी ऊन अडविते आणि वारा आत घेते. छतावर सौरपट्ट्या, शिवाय पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था.

यात नवे फारसे काही नाही. जैसलमेरच्या जैन व्यापारी घराण्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या पटवा हवेल्यांतील जाळ्या आणि झरोके हेच काम करीत आले आहेत. आपल्या पूर्वजांनी पेढी आणि वाडा बांधताना सावलीचा हिशेब केला. आपण शाळा बांधताना तो का सोडावा?

अर्थात आपल्याकडे वालुकाश्म आणून जाळ्या कोरणे म्हणजे पुन्हा नक्कलच. येथे पाऊस आहे, काळा दगड आहे, कडुनिंब आहे. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे वर्ग उत्तर-दक्षिण उघडतात. पश्चिमेला जिना, भांडार आणि स्वच्छतागृहे घ्यावीत. दक्षिणेच्या खिडक्यांना खोल छज्जा हवा. उन्हाळ्यात सर्वाधिक ताप छतावर येतो, म्हणून तेथे पांढरा चुना. शिवाय पाण्याचा साधा हिशेब पाहावा: १,००० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७ लाख लिटर पाणी होते. गळती वजा केली तरी टँकरच्या बिलाकडे पाहून ही टाकी मला स्वस्त वाटते.

समितीत एका सद्गृहस्थांनी विचारले, "काच नसेल तर रस्त्यावरून शाळा उठून दिसेल का?" देणगी त्यांची मोठी, त्यामुळे सभा क्षणभर शांत झाली. मी त्यांना मे महिन्यात दुपारी तीन वाजता जुन्या इमारतीच्या वरच्या वर्गात अर्धा तास बसण्याची विनंती केली. ते आले, दहा मिनिटे बसले आणि पाणी मागितले.

पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर नामफलकाची जागा हा पहिला विषय आहे. पश्चिमेच्या भिंतीचा विषय त्याआधी घ्यावा, असे पत्र मी चिटणिसांना दिले आहे.