विमानाच्या टपाखालचे फायबरकाम : आपल्या कारागिरांनी काय घ्यावे?

मोटारीच्या टपाला अस्तर लावणारे, फायबरचे बॉडीकाम करणारे आणि वायरिंग ओढणारे कितीतरी बंधू आपल्या समाजात आहेत. हे तिन्ही हुनर जेथे एकत्र लागतात, असे एक काम आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते म्हणजे, घरी बांधलेल्या विमानाच्या केबिनमध्ये टपाखाली कन्सोल बसविणे.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी विमानाचे सुटे भाग विकते आणि हौशी माणूस ते आपल्या गॅरेजमध्ये जोडतो. 2003 साली प्रथम उडालेले ‘आरव्ही-10’ हे चार आसनी विमान त्यांपैकीच. त्याचे धड अॅल्युमिनियमचे, पण केबिनचा टप फायबरग्लासचा. या टपाला आतून, मधोमध, लांबट पेटीसारखा कन्सोल पुष्कळ जण चिकटवितात. त्यात दिवे आणि हवेची तोंडे बसतात. वायरी त्याच्या पोटातून जातात.

काम दिसते सोपे, पण घाई चालत नाही. प्रथम कन्सोल नुसता टेकवून पाहायचा, सीटवर बसून डोक्याला लागतो की नाही ते तपासायचे, मग खुणा करायच्या. चिकटवायची जागा जाड पॉलिश पेपरने खरवडून अॅसिटोनने पुसायची. चकचकीत पृष्ठभागावर पकड येत नाही. चिकटविण्यासाठी एपॉक्सीत बारीक कापसाचे तंतू मिसळतात. येथे आपल्या बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर थोडे कमीजास्त करून सुकण्याचा वेळ बदलता येतो. एपॉक्सीत तसे केले तर जोड कच्चा राहतो. तेथे वजनकाट्याला पर्याय नाही.

टप हा विमानाच्या मजबुतीचा भाग असल्याने त्याला मनास येईल तेथे भोक पाडायचे नाही. वायरी कन्सोल बंद करण्यापूर्वीच ओढायच्या, आणि त्यांचे वेष्टण साध्या पीव्हीसीचे नको, कारण ते जळाले की विषारी धूर होतो. एकदा पुट्टी, घासाई आणि रंग झाला की आतले कोणाला दिसत नाही. ग्राहकाने न पाहिलेले काम हीच कारागिराकडची अमानत होय.

म्हणूनच तेथे प्रत्येक टप्प्याची तारीखवार नोंद आणि फोटो ठेवतात. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी बांधणाऱ्यांनीच बनविला, हे सरकारी तपासणीत दाखवावे लागते. ते सिद्ध झाले की बांधणाराच अर्ज करून त्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा दाखला मिळवू शकतो. त्यासाठी इंजिनिअरची पदवी लागत नाही.

आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. ते 2016 साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि 2017 मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली.

आपल्या कारागिरांच्या हातात कसब कमी नाही. कमी आहे ती वही. उस्तादाबरोबर त्याचे मोजमाप आणि मिश्रणाचे प्रमाणही कबरीत जाते, आणि मोठे काम मागायला गेलेल्या शागिर्दाजवळ दाखवायला कागद नसतो. आमची विनंती एवढीच की, उद्याच्या पहिल्या कामापासून एक वही घाला. तारीख, माल, माप आणि झाकण्यापूर्वीचा एक फोटो. त्यात बरकत आहे.