घंटा नसलेली शाळा

घोडबंदर रोडवरील सकाळ शाळांच्या बसगाड्यांनी सुरू होते. माजिवड्यापासून कासारवडवली-ओवळ्यापर्यंत पसरलेल्या वसाहतींच्या दारांत पाठीवर दप्तर आणि डोळ्यांत झोप घेऊन लहान मुले उभी असतात, आणि अवजड मालमोटारींच्या रांगांत त्यांच्या बसगाड्या अडकून पडतात. ज्या वयात तासभर मातीत खेळावे, त्या वयात तो तास रस्त्यावर खर्ची पडतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि प्राथमिक वर्ग पुन्हा सुरळीत भरेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. त्या काळात सक्तीने भरलेली घरची शाळा बहुतेकांना जाच वाटली. काहींना मात्र तीत एक पर्याय दिसला. अशा वसाहतींतून गृहशिक्षणाचा विचार आता नवलाचा राहिलेला नाही.

या विचाराला कायद्याची बाजू आहे. २००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने ६ ते १४ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षा मात्र सांगितलेली नाही, आणि गृहशिक्षणाचा उल्लेखही केलेला नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ यांच्या परीक्षांचा मार्ग मोकळा आहे. म्हणजे परीक्षेचे दार उघडे आहे. परंतु त्या दारापर्यंतची अनेक वर्षांची रोजची वाट कुटुंबानेच घालून द्यावयाची आहे. खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

शाळेत अभ्यासाची सवय लावण्याचे निम्मे काम घंटा करते. तास बदलतो, मधली सुट्टी होते, शेजारचे मूल वही उघडते म्हणून आपलेही उघडते. ही शिस्त बाहेरून येते आणि तिच्यासाठी कोणालाच स्वतंत्र कष्ट पडत नाहीत. घरी हा आधार नाहीसा होतो. मग पालक दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण दिवाणखान्याच्या भिंतीवर आठ तासांचे वेळापत्रक चिकटवून शाळेचीच नक्कल करतात. पंधरा दिवसांत ते वेळापत्रक उरते आणि अभ्यास जातो. दुसरे काही स्वातंत्र्याच्या नावाखाली मुलाला त्याच्या लहरीवर सोडतात, आणि ती जागा मोबाइलचा पडदा अलगद बळकावतो. पहिल्या घरी मूल अभ्यासाला कंटाळते. दुसऱ्या घरी अभ्यासाशी त्याची ओळखच होत नाही.

यातून निघणारी वाट नवी नाही. जानेवारी १९०७ मध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो भागात आपले पहिले बालगृह उघडले, ते मजुरांच्या चाळवजा इमारतीत. आईबाप कामावर गेल्यावर मुले जिन्यांतून मोकाट फिरत आणि भिंती खराब करीत, ही तेथील अडचण होती. बाईंनी मुलांच्या उंचीची मांडणी केली, हाताला काम दिले आणि वापरलेली वस्तू जागेवर ठेवण्याचा नेम घातला. धाकाने न बसणारी मुले कामात गढून बसू लागली.

हाच विचार आपल्या मातीत रुजविला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज पालघर जिल्ह्यात असलेला हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून या बायकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तेथून पुढे आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या साधनांऐवजी दगड, पाने, बिया, शिंपले आले. पाटी-पेन्सिलीच्या आधी स्वच्छता, गाणी आणि गोष्टी होत्या. घड्याळाच्या काट्यांत मुलाला बसविण्याऐवजी त्याच्या चालू दिवसातच शिक्षणाला जागा शोधण्यात आली.

घोडबंदर रोडवरील सदनिकेसाठी कोसबाडचा धडा असा की, सवय वेळापत्रकाला न बांधता दिवसातील ठरलेल्या घटनांना बांधावी. आंघोळ झाली की वाचन, न्याहारी झाली की गणित, संध्याकाळी दिवा लागला की गोष्ट. सहा-सात वर्षांच्या मुलाची एक बैठक पंधरा-वीस मिनिटांची पुरे. ते कंटाळण्यापूर्वी उठवावे, म्हणजे उद्या ते आपण होऊन बसते. जागा एकच असावी आणि वह्या, रंग, पुस्तके त्यानेच काढून त्यानेच परत ठेवावीत. दुधाचा हिशेब, वाण्याची यादी, गायमुखाला दिसणारी खाडीची भरती-ओहोटी, येऊरच्या डोंगरात पहिल्या पावसानंतर उतरणारे ओहोळ, हे सारे पाठ्यपुस्तकाचेच सोबती आहेत.

प्रलोभनांबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. एका पानाला एक चॉकलेट हा व्यवहार सुरू झाला की महिन्याभरात भाव चढतो. चलनवाढीप्रमाणे तेवढ्याच कामाला अधिक मोल मोजावे लागते, आणि बक्षीस थांबताच काम थांबते. त्याच वेळी आई किंवा वडील शेजारी आपले पुस्तक वा हिशेबाची वही घेऊन बसले, तर त्याचा परिणाम अधिक टिकतो.

धीराचीही गरज आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी ९६ प्रौढांच्या नव्या सवयींचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष मांडले. एखादी कृती अंगवळणी पडण्यास लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मध्यमान ६६ दिवसांचे होते. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही त्यांना आढळले. प्रौढांची ही कथा, तर मुलांबाबत पंधरा दिवसांत निकाल मागणे अन्यायाचे होय.

आता या साऱ्याचा खर्च पाहिला पाहिजे. घरी शिकविले म्हणजे शुल्क वाचले, हा हिशेब अपुरा आहे. शाळेची घंटा नसेल तर घंटेचे काम कोणी तरी माणूस करतो, आणि आपल्या समाजात तो माणूस बहुधा आई असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दररोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. पुरुषांचा ९७ मिनिटे. या ओझ्यावर अध्यापनाची भर घालून तिने नोकरीही सोडली, तर शाळेचे शुल्क वाचल्याचा आनंद तिच्या पगाराच्या हानीत केव्हाच बुडून जातो. दिवसभर एकट्याने राबणारी, थकलेली शिक्षिका मुलाला नेमाची गोडी लावू शकत नाही. म्हणून गृहशिक्षणाचा निर्णय करताना पहिला प्रश्न मुलाच्या अभ्यासक्रमाचा विचारू नये; घरातील कोणता प्रौढ कोणता तास देणार, तो विचारावा. वडिलांच्या वाट्याला रोजचा एक ठरलेला तास येत नसेल, तर त्या घराने शाळेचीच वाट धरणे शहाणपणाचे.

शाळेला नावे ठेवणेही या विचाराच्या कैवाऱ्यांना शोभत नाही. याच रस्त्यावरील इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या मुलांना शाळा हाच शांत बसण्याचा कोपरा आणि दुपारचा घास आहे. त्यांच्यासाठी महापालिकेची शाळा भक्कम व्हावी, ही मागणी गृहशिक्षण करणाऱ्या पालकांनीही केली पाहिजे. शासनानेही घरी शिकणाऱ्या मुलांकडे डोळेझाक न करता त्यांची साधी नोंद ठेवावी आणि वर्षातून एकदा, धाक न दाखविता, विचारपूस करावी.

लहान मुलाची अभ्यासाची सवय ही मुळात त्या घराची सवय असते. घरातील वडीलधारी माणसे ज्या नेमाने उठतात, वाचतात, बोलतात आणि दिलेला शब्द पाळतात, तो नेम मूल न शिकविता उचलते. शाळेतील घंटा शिपाई वाजवितो. घरातील घंटा मोठ्यांनी आधी स्वतःसाठी वाजवावी लागते.