ओझरचं मिग, पीजेचा डबा आणि न उघडलेली खोकी

मॉडेलचं किट विकत घ्यायला दहा मिनिटं पुरतात, बांधायला दोन-तीन महिने लागतात. एवढा हिशेब मांडला की या नादातल्या प्रत्येकाच्या घरी न उघडलेल्या खोक्यांचा ढीग का साचतो, हे वेगळं सांगायला नको. माझा ढीग जळगावात लोखंडी कपाटात सुरू झाला, मग कपाटावर चढला आणि आता दिवाणात शिरलाय. धुळ्याचा एक मित्र याच वाटेवरचा. तो आला की आधी कपाट उघडतो आणि म्हणतो, ‘‘भो, तू दुकान टाकी राहिना का?’’ त्याच्या घरचा माळा मी पाहिलाय, त्यामुळे उत्तर द्यायची गरज पडत नाही.

ढीग का वाढतो हे या हिशेबातून कळतं. पण त्यातलं नेमकं कोणतं खोकं टेबलावर येतं आणि कोणतं वर्षानुवर्षं पडून राहतं, ते मात्र त्यातून कळत नाही.

खोक्यात असतं काय? पॉलिस्टायरीनच्या करड्या चौकटी, त्यांना चिकटलेले शे-दोनशे सुटे भाग, काचांसाठी एक पारदर्शक चौकट, पाण्यात भिजवून सोडवायच्या चिन्हांचा म्हणजे डिकलचा कागद आणि चित्रांची सूचनापत्रिका. आमच्या एमआयडीसीत पाइप, चटया, ठिबकचं सामान बनतं. त्यामुळे प्लॅस्टिकची जाण असलेली माणसं जळगावात गल्लोगल्ली भेटतात. मोल्डिंग मशीनवर उमर घालवलेल्या एका शेजाऱ्यांच्या हाती मी अशी चौकट दिली. विमान कोणतं हे त्यांनी विचारलंच नाही. चौकट उजेडात धरून ‘‘हा रनर, हे गेट, इथून माल भरलाय,’’ असं बोट फिरवत गेले. पंखाचा भाग उलटा करून आतल्या बाजूचे बारीक गोल ठसे दाखवले. साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. ‘‘सगळ्या पिना आत लपवल्यात. डाय करणारा पक्का कारागीर दिसतो,’’ एवढं बोलून त्यांनी चौकट परत दिली. तेव्हापासून खोकं कुठलंही असो, मी आधी भाग उलटे करून पाहतो.

प्रमाणांचंही एक शास्त्र आहे. विमानांचं लोकप्रिय प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच. दोन्ही इंग्रजी मापपट्टीच्या सोयीची. रणगाड्यांचं १:३५ मात्र कुठल्याच पट्टीत बसत नाही. जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही मुळात लाकूडकामातली कंपनी. तिनं १९६१मध्ये मोटारीवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत बॅटऱ्या आणि मोटार मावतील एवढं पोट हवं होतं. त्या बेतानं आकार ठरवला आणि प्रमाण निघालं १:३५च्या घरातलं. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचललं. आज जगभरचे रणगाडे बॅटरीच्या मापानं छोटे होतात.

ढीग वाढवायला सरकारी कागदांचाही हातभार लागतो. जकातीच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध मॉडेलं खेळण्यांबरोबर ९५०३ या एकाच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरची आयातजकात २०२०मध्ये २०वरून ६० टक्के झाली, २०२३मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्काही सक्तीचा झाला. मग पुणे-मुंबईच्या दुकानात जुन्या भावाचं एखादं खोकं दिसलं की हात आपोआप खिशाकडे जातो. परदेशातला भाचा सुट्टीवर येणार असला की त्याच्या बॅगेतली जागा आधीच मागून ठेवायची. खोक्यात निम्मी हवाच असते, म्हणून चौकटी काढून कपड्यांमध्ये घालायच्या आणि खोकं उलगडून सपाट करायचं. त्यात कंपन्या एकेक मॉडेल ठरावीक खेपेत काढतात. साचा पुन्हा मशीनवर कधी चढेल याचा भरवसा नसतो. ‘आत्ता घेतलं नाही तर गेलं’ या भीतीनं जी खोकी घरात येतात, त्यांची संख्या हौसेनं येणाऱ्यांपेक्षा जास्त असावी.

किट घरात येतं, पण रंग येत नाही. बरेच रंग आणि थिनर ज्वालाग्राही, विमानात बॅगेतून न्यायला बंदी. त्यामुळे खानदेशातल्या मॉडेलवाल्याचा खरा पुरवठादार म्हणजे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारं गॅरेज. फटी बुजवायला एनसी पुटी, वर सरफेसर, घासायला वॉटर पेपर, सगळं तिथल्याच दुकानातलं. त्यातही हवामान आडवं येतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५वर गेला की एअरब्रशमधून निघालेला ॲक्रिलिक रंग विमानापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते. पावसाळ्यात उलटं. हवेतली ओल धरून लॅकरवर पांढुरकी झाक येते. राहतात दिवाळीनंतरचे तीन-चार महिने. रंगकाम तेव्हाच उरकायचं. खोकी बाराही महिने येतात, पुरी मात्र हिवाळ्यात होतात. उन्हाळ्याचा उपयोग एकच. जुन्या किटमधला डिकलचा कागद पिवळा पडला असेल तर तो खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवायचा. आमचं ऊन तो पिवळेपणा काही दिवसांत खाऊन टाकतं.

आता टेबलावर येऊ. समोर १:७२चं मिग-२१ आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, इथे १० सेंटिमीटरला थोडा कमी. भाग चौकटीतून काढताना कटर अगदी कडेला लावायचा नाही, थोडा देठ सोडायचा. मग तो देठ सुरीनं छिलायचा आणि वॉटर पेपरनं बेमालूम करायचा. थेट कडेला कापलं तर प्लॅस्टिकवर पांढरा ओरखडा उठतो आणि तो रंगाखालूनही दिसतो.

मिगचं धड म्हणजे उभ्या दोन फाका. त्या जोडायला जे द्रव सिमेंट लागतं ते गोंद नव्हे. ते प्लॅस्टिक विरघळवतं. दोन्ही फाका बोटांनी जुळवून धरायच्या आणि ओला ब्रश फटीला नुसता टेकवायचा, द्रव आपोआप आत धावतो. जरा दाबलं की फटीतून वितळलेल्या प्लॅस्टिकची केसाएवढी वरंबी वर येते. शेतात पीव्हीसी पाइपला सोल्युशन लावून कपलिंग बसवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रसायन वेगळं, तत्त्व तेच : दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. वरंबी पूर्ण कडक होईपर्यंत हात लावायचा नाही, मग ती घासून काढायची. सांधा उरला नाही हे डोळ्यांना पटतं, नखाला पटत नाही. म्हणून डोळे मिटून नख फिरवायचं.

धड बंद करण्याआधी आणखी एक काम असतं. मिगची तीन चाकं आणि मागचं वजन यांचा तोल असा, की मॉडेल हमखास शेपटीवर बसतं. त्यासाठी नाकातल्या शंकूत वजन भरायचं. माझ्याकडे एअरगनचे शिशाचे छर्रे असतात. तेच शंकूत कोंबून वर फेव्हिक्विक सोडतो. चंदेरी रंगाखाली आधी चकचकीत काळा थर देतो. त्यानं ॲल्युमिनियमला खोली येते, पण धुळीचा प्रत्येक कणही उठून दिसतो. शेवटी चिन्हं. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं असं आपल्या वायुदलाचं वर्तुळ कोमट पाण्यात भिजवून ब्रशनं पंखावर सरकवायचं. पातळ केलेलं व्हिनेगर वर लावलं की डिकल मऊ पडतं आणि पत्र्याच्या सांध्यांच्या खाचांत उतरतं. मग ते चिकटवल्यासारखं दिसत नाही, रंगवल्यासारखं दिसतं.

अशी पुरी झालेली मॉडेलं एकदा मी एका फळीवर लावली आणि न उघडलेल्या खोक्यांची नावं शेजारी लिहून काढली. खोक्यांच्या यादीत नावाजलेली मंडळी होती : स्पिटफायर विमान, टायगर रणगाडा, बिस्मार्क युद्धनौका. फळीवर होतं मिग-२१. धुळ्याहून नाशिकला जाताना ओझरपाशी एसटीच्या खिडकीतून कानठळ्या बसवत गेलेलं पाहिलेलं. एचएएलच्या ओझरच्या कारखान्याची सुरुवातच १९६४मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी झाली. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला ते वायुदलातून निवृत्त झालं. फळीवर सेंच्युरियन रणगाडाही होता. १९६५च्या युद्धात गाजलेला हा रणगाडा मी नगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहिला होता. १९९४मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या आवारात रणगाडे उघड्यावर ओळीनं उभे आहेत. ओतीव पोलाद किती खडबडीत असतं हे तिथे जवळून दिसतं. किटमधला बुरूज गुळगुळीत होता. पातळ पुटी राठ ब्रशनं टिचत टिचत लावून मी तो खडबडीत केला. सूचनापत्रिकेत याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मित्राच्या फळीचीही तीच कथा. धुळ्याच्या विमानतळावर वैमानिक तयार होतात. प्रशिक्षणाच्या सेसना त्याच्या गच्चीवरून दिसतात. त्याचं सर्वांत देखणं मॉडेल सेसनाचंच आहे. माळ्यावर जर्मन बनावटीची सगळी फौज आहे, तिच्यातलं एकही धड पुरं नाही.

म्हणजे खोकी घरात येतात ती कीर्तीवर, आणि पुरी होतात ती ओळखीवर. किट बांधताना दर तासाला असा एक प्रश्न उभा राहतो, ज्याचं उत्तर पत्रिकेत नसतं. तेल कुठे ओघळतं? रंग आधी कुठला उडतो? चढणाऱ्याचा पाय कुठे पडतो? वस्तू पाहिलेली असेल तर उत्तर शोधायची भूक लागते. पाहिलेली नसेल तर आपण झाकण लावतो आणि ‘पुढच्या हिवाळ्यात बघू’ म्हणतो.

याची खात्री पटली ती ज्याचं किटच निघालेलं नाही अशा गाडीमुळे. पाचोरा-जामनेर, आमच्याकडची ‘पीजे’. ७६२ मिलिमीटरचा अरुंद रूळ, साधारण ५६ किलोमीटरचा रस्ता, शेंदुर्णी-पहूर करत जाणारी गाडी. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली, मग मार्ग रुंदीकरणाला लागला. ती चालू असतानाच पाचोऱ्याला उभ्या डब्याची मापं मी टेपनं घेऊन ठेवली होती.

गणित मात्र फार सुरेख जमलं. पुण्यात कोथरूडला १९९८मध्ये सुरू झालेलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पुष्कळांनी पाहिलं असेल. तिथल्या गाड्या १:८७च्या. या प्रमाणाचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण युरोपातला १,४३५ मिलिमीटरचा रूळ ८७नं भागला की तेवढा येतो. आपला रुंद रूळ १,६७६ मिलिमीटरचा. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत, आणि तसा तयार रूळ बाजारात मिळत नाही. म्हणून १:८७ची भारतीय गाडी विकतच्या रुळावर ठेवली की जाणकाराला ती अरुंद पायावर उभी दिसते. भुसावळच्या शेडमधलं इंजिन करायचं तर ही अडचण आहेच. पीजेला नाही. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि त्याहून छोट्या, १:१६० प्रमाणाच्या गाड्यांचा रूळ असतो ९ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक कोण धरतो! चाकं आणि रूळ तयार मिळाले. बाकी सगळं हातानं.

डब्याचा सांगाडा फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानातल्या सनबोर्डच्या कातरणांचा. बाहेरचा पत्रा पातळ प्लॅस्टिकशीटचा, त्यावरचे रिव्हेट मागून कंपासच्या टोकानं टोचून उठवलेले. खिडक्यांचे आडवे गज हवे होते केसाएवढे. ते आले मिगच्या उरलेल्या चौकटीतून. तिचा दांडा मेणबत्तीवर फिरवत मऊ करायचा, ज्योतीबाहेर घ्यायचा आणि दोन्ही हातांनी एका दमात ओढायचा. हळू ओढला तर जाड राहतो, घाईनं ओढला तर तुटतो. जमला की हातभर लांब, सरळ तार मिळते. ती गार झाली की तुकडे करून एकेक गज चिमट्यानं बसवायचा. हा डबा एका हिवाळ्यात पुरा झाला. त्याला खोकं नव्हतं, त्यामुळे ‘पुढच्या हिवाळ्यात बघू’ म्हणून ठेवून द्यायची सोयही नव्हती.

यानंतर मी ढिगाची वाटणी केली. ज्यांचं मूळ मी पाहिलंय किंवा पाहायला जाऊ शकतो, ती खोकी हाताशी ठेवली. बाकीच्यांवर किंमत आणि साल लिहून चिठ्ठ्या लावल्या, म्हणजे माझ्यामागे घरचे ती रद्दीवाल्याच्या काट्यावर घालणार नाहीत. टायगर धुळ्याला, मित्राच्या पुतण्याला दिला. तो आठवीत आहे, रणगाड्यांचे व्हिडिओ पाहून त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. दुकानात आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हे मी कुठे पाहिलंय? उत्तर नसेल तर खोकं परत फळीवर ठेवतो. मात्र जुन्या भावाचं असेल, तर हा प्रश्न घरी आल्यावर विचारतो.