मोठी अलॉय बसवायची, तर टायर कोणता? एका साध्या प्रश्नातून संशोधनाची सवय

गाडीला १५ इंचांच्या चाकांऐवजी १६ किंवा १७ इंचांची अलॉय बसवायची आहेत. मग टायर कोणत्या साइझचा घ्यायचा? टायरच्या दुकानात हा प्रश्न रोज विचारला जातो आणि उत्तरही पटकन मिळतं. आज आपण तो जरा सावकाश सोडवू. संशोधन प्रस्ताव लिहिताना मुलं जिथे अडतात त्या गोष्टी यात आयत्याच सापडतात: काय स्थिर ठेवायचं, मोजमापावर किती विश्वास ठेवायचा आणि थंब रूल कुठे संपतो.

आधी भाषा समजून घेऊ

टायरच्या बाजूवर असं काहीतरी छापलेलं असतं: १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची (साइडवॉलची) उंची, पण ती मिलिमीटर नाही, रुंदीच्या टक्क्यांत आहे. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलतो. एच ही वेगमर्यादा, ताशी २१० किमी.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! कोणत्याही डेटाला हात लावण्याआधी प्रत्येक रकान्याचं एकक बघायचं, हे इथूनच शिकावं. ६५ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. रुंदी बदलली की तेच ६५ टक्के वेगळी उंची देतात.

स्थिर काय ठेवायचं?

गाडीच्या मीटरला रस्ता दिसत नाही. ते फक्त फिरकी मोजतं आणि कारखान्यात ठरलेल्या परिघाने गुणतं. म्हणून रिम मोठा झाला तरी टायरसकट चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. रिम वाढेल तेवढी भिंत कमी करायची, एवढाच हिशेब.

एकूण व्यास = रिमचे इंच × २५.४ + २ × रुंदी × टक्केवारी ÷ १००

१८५/६५ आर१५ साठी: ३८१ + २ × १२०.२५ = ६२१.५ मिमी. हा आपला संदर्भ. आता पर्याय बघू:

- १८५/६५ आर१६ (नुसता रिम बदलला): ६४६.९ मिमी, फरक +४.१ टक्के
- १९५/६० आर१६: ६४०.४ मिमी, +३.० टक्के
- २०५/५५ आर१६: ६३१.९ मिमी, +१.७ टक्के
- १९५/५५ आर१६: ६२०.९ मिमी, −०.१ टक्के
- २१५/४५ आर१७: ६२५.३ मिमी, +०.६ टक्के
- २०५/४५ आर१७: ६१६.३ मिमी, −०.८ टक्के
- २०५/४० आर१७: ५९५.८ मिमी, −४.१ टक्के

मारुतीची बलेनो कारखान्यातूनच १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६ अशा दोन्ही साइझमध्ये आलेली आहे. यादीत या दोघांमधला फरक बघा, म्हणजे कंपनीने काय स्थिर ठेवलं ते कळेल.

कोणी म्हणेल, खऱ्या रस्त्यावर टायर वजनाखाली दबतो, मग हा कागदावरचा व्यास कशाला? आक्षेप बरोबर आहे. रेडियल टायरने एका फेरीत कापलेलं अंतर काढताना युरोपातली टायर-मानकं ठरवणारी संस्था ईटीआरटीओ व्यासाला π ने नाही, ३.०५ ने गुणते. पण आपण दोन टायरांचं गुणोत्तर काढतोय. दोन्हीकडे तोच गुणक असेल तर तो कटून जातो. निरपेक्ष मापापेक्षा तुलना बऱ्याचदा भरवशाची ठरते ती यामुळेच.

‘±३ टक्के चालतं’ म्हणजे काय?

दुकानात हा नियम तुम्हाला नक्की ऐकू येईल. कामाचा आहे, पण त्यातलं ± हे चिन्ह फसवं आहे. दोन्ही बाजू सारख्या नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरचा आहे. त्यानुसार मीटरने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीच कमी नसावा. जास्त दाखवला तर चालतो, तोही खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी एवढ्या मर्यादेपर्यंत. आता समजा तुमचं मीटर १०० दाखवतं तेव्हा खरा वेग ९७ आहे. टायर ४.१ टक्के मोठा बसवला तर १०० च्या आकड्यावर खरा वेग १०१ होतो. मीटर आता कमी सांगतंय. टायर तेवढाच लहान बसवला तर १०० ला खरा वेग ९३ होतो, म्हणजे चूक मोठी असली तरी सुरक्षित बाजूची. टक्के तेच, परिणाम वेगळा. तुमच्या प्रबंधात ± दिसलं की विचारा: दोन्हीकडच्या चुकीची किंमत सारखीच आहे का?

दशांशाच्या मागे धावू नका

−०.१ टक्के बघून १९५/५५ आर१६ हाच ‘अचूक’ आणि +०.६ वाला २१५/४५ आर१७ जरा कमी, असं वाटेल. थांबा. नव्या टायरची खोबण साधारण ८ मिमी धरू. कारसाठी झिजेची कायदेशीर मर्यादा १.६ मिमी. म्हणजे आयुष्यभरात त्रिज्या ६.४ मिमीने आणि व्यास १२.८ मिमीने घटतो, जवळजवळ २ टक्के! तोच टायर, तीच गाडी, तरी २ टक्के. मग ०.१ आणि ०.६ मधला फरक हा निवडीचा निकष होऊच शकत नाही. तो गोंगाटात बुडालेला आहे. निवड इतर निकषांवर करावी लागेल. दोन पद्धतींच्या निकालांत अर्ध्या टक्क्याचा फरक घेऊन जो कोणी निष्कर्ष काढतो, त्याला हाच प्रश्न विचारायचा: एकाच नमुन्यात किती फरक पडतो ते आधी मोजलं का?

मोजपट्टीच बदलली तर?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग हा. मोठे टायर टाकल्यावर लोक सांगतात, ‘अ‍ॅव्हरेज पडलं.’ तपासू.

समजा टायर ४.१ टक्के मोठा आहे. गाडी खरोखर १००० किमी चालली, पण ओडोमीटर ९६१ च दाखवणार. पेट्रोल लागलं ५० लिटर. खरं अ‍ॅव्हरेज २०, हिशेबात आलं १९.२. इंजिनात काहीही न बदलता अ‍ॅव्हरेज ‘पडलं’! कारण ज्या चाकात बदल केला, त्याच चाकाने अंतर मोजलं.

आता उलटी चूकही करू नका. जड अलॉय आणि रुंद टायर यांनी पेट्रोल खरंच जास्त लागू शकतं. दोन कारणं एकमेकांत मिसळली आहेत. ती वेगळी करायची तर अंतर चाकापासून स्वतंत्र अशा साधनाने मोजावं लागेल: जीपीएस, किंवा महामार्गावरचे किलोमीटरचे दगड. तुम्ही ज्या गोष्टीत बदल करताय, तिच्यावरच तुमचं मोजमापाचं साधन उभं आहे का, हे प्रयोग सुरू करण्याआधी तपासायचं.

सूत्रात नसलेल्या गोष्टी

व्यास जुळला म्हणजे टायर जुळला असं नाही.

*भार.* हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. २०५/४५ आर१७ बाजारात ८४ निर्देशांकाचाही मिळतो. ८४ म्हणजे ५०० किलो. ८८ च्या तुलनेत प्रत्येक चाकामागे ६० किलो कमी. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना हाच फरक जिवावर बेतू शकतो. याच साइझमध्ये ८८ निर्देशांकाचा एक्सएल टायर असतो, पण तो पूर्ण क्षमता ३६ नाही, ४२ पीएसआय दाबाला देतो. टायरमधली हवाच वजन पेलते. हवेची जागा कमी केली तर दाब वाढवावा लागणारच. म्हणून दाराच्या चौकटीवरचं लेबल आणि गाडीचं पुस्तक आधी वाचा.

*रिमची रुंदी आणि ऑफसेट.* प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचेच रिम चालतात. ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधलं अंतर. समजा ६ इंच रुंद, ४५ ऑफसेटच्या रिमऐवजी ७ इंच, ४० चा घेतला. रुंदी दोन्हीकडे १२.७ मिमीने वाढली आणि ऑफसेटमुळे चाक ५ मिमी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर, आतली ७.७ मिमी आत. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरून टायर कुठे घासतो का ते बघावं लागतं.

*भिंतीची उंची.* १२० मिमीवरून ९२ वर आलो. खड्ड्यात धक्का झेलायला तेवढी कमी जागा. टायर फुगणं आणि रिम वाकणं यांची शक्यता वाढते.

शिवाय मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. म्हणून कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या साइझमध्ये राहणं उत्तम.

तुमच्यासाठी काम

घरच्या गाडीच्या टायरवरचा आकडा लिहून घ्या. एक इंच मोठ्या रिमसाठी तीन पर्याय काढा. प्रत्येकापुढे व्यासातला फरक, भार निर्देशांक आणि भिंतीची उंची लिहा. मग एक निवडा आणि बाकीचे दोन का नाकारले ते प्रत्येकी एका वाक्यात लिहा. ती नकाराची वाक्यं नीट जमली, तर प्रस्तावातला ‘पद्धतीची निवड’ हा भाग तुम्हाला जड जाणार नाही. उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या लेखात त्यांवर बोलू.