स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दीड महिना



ऑपरेशन चांगले झाले असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांच्या जीवात जीव येतो. बाईची खरी काळजी मात्र घरी आल्यावर सुरू होते. दवाखान्यात हाक मारली की सिस्टर येत होती. घरी मध्यरात्री नळीत लाल पाणी दिसले, काखेत मुंग्या आल्या, टाक्यांजवळ ओढ बसली, तर विचारायचे कोणाला? सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची भीती, आणि मुलगा तर समोरही उभा राहत नाही. मी परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले. सेवानिवृत्तीनंतरही वस्तीतील बाया रात्री-अपरात्री हेच प्रश्न घेऊन माझ्या दारात येतात. तेच प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

आपल्या मराठवाड्यातील बाईला पूर्वी अशा उपचारासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात किंवा बार्शीला जावे लागे. आपल्या शहरात घाटी रुग्णालय १९५६ पासून आहे, पण स्वतंत्र शासकीय कर्करोग रुग्णालय आमखास मैदानाजवळ २०१२ साली सुरू झाले. तेव्हापासून जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडच्या बाया इथेच येतात. उपचार जवळ आले ही मोठीच सोय झाली. पण ऑपरेशननंतर चार-सहा दिवसांत बाई पुन्हा गावी जाते, आणि पुढची सारी शुश्रूषा घरच्यांच्या हातात येते.

नळी आणि डबी

स्तन काढल्यावर किंवा काखेतील गाठी काढल्यावर आत पाणी साठते. ते बाहेर यावे म्हणून कातडीखालून एक बारीक नळी काढून तिला डबी जोडतात. डबी दाबून तिच्यातील हवा काढायची आणि बूच लावायचे, म्हणजे ती आतले पाणी ओढून घेते. डबी पूर्ण फुगली की तिची ओढ संपली असे समजावे. रोज ठरावीक वेळी हात साबणाने धुऊन ती रिकामी करावी, पाणी मोजावे आणि आकडा लिहून ठेवावा. आमच्या गल्लीतील एका सुनेने सासूचे आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिले होते. तपासणीला जाताना तिने ते पानच फाडून नेले. डॉक्टरांना याहून जास्त काही लागत नाही.

पहिले दोन दिवस पाणी लाल, मग गुलाबी, नंतर गव्हाच्या काडासारखे पिवळसर होत जाते. चोवीस तासांतील पाणी साधारण ३० मिलीच्या खाली आले की नळी काढण्याचा विचार करतात. याला कोणाला आठ दिवस लागतात, कोणाला पंधरा. शेजारणीची नळी लवकर निघाली म्हणून आपल्यात काही बिघडले असे मानू नये. पाणी एकाएकी बंद होऊन छाती फुगू लागली तर नळी गुठळीने तुंबलेली असते, आणि पाणी पुन्हा लालभडक होऊन डबी भराभर भरू लागली तर आत रक्तस्राव होत असतो. या दोन्ही वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. नळी काढल्यानंतरही काखेत पाण्याची मऊ पिशवी जमू शकते. ती डॉक्टर सुईने काढतात. घरी गरम शेक देऊन ती जिरवण्याचा प्रयत्न करू नये. तेथील कातडी बधिर असते आणि भाजलेले समजत नाही.

हात गळ्यात बांधू नका

याबाबतीत मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते, कारण इथे सर्वांत जास्त नुकसान होते आणि तेही मायेपोटी. हात हलवला तर टाके तुटतील या भीतीने घरचे लोक हात गळ्यात अडकवून ठेवतात. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी तीन आठवडे तसाच ठेवला. जखम सुंदर भरली, पण खांदा असा आखडला की पुढे कित्येक महिने त्यांची वेणी लेक घालत होती. शेक देण्याच्या उपचारासाठी हात डोक्यावर नेऊन निजावे लागते. तो वर जाईना म्हणून त्यांचा तो उपचारही लांबला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडझाप करावी, कोपर वाकवावे, खांदे हलकेच गोल फिरवावेत. त्याच हाताने जेवावे, तोंड धुवावे. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. ती निघाल्यावर डॉक्टरांना विचारून भिंतीसमोर उभे राहावे आणि बोटांनी भिंत चढत जावे. आज बोटे जिथवर पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण करावी. रोज एक-दोन बोटे पुढे गेले तरी पुष्कळ झाले. ओढ बसली पाहिजे, पण डोळ्यांत पाणी येईल इतके ताणू नये.

काही बायांना दोन-तीन आठवड्यांनी काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखे लागते. ती पाहून बाई घाबरते आणि व्यायाम सोडते. तो रोग परत आलेला नसतो. काखेतील बारीक वाहिन्या आखडल्यामुळे तसे होते आणि व्यायामाने ते हळूहळू जाते. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येणे हेही नेहमीचेच, कारण काखेतून जाणारी स्पर्शाची नस दुखावलेली असते. काढलेला स्तन जागेवरच आहे, त्याला खाज सुटते, असेही कोणी सांगते. ती बाई भ्रमिष्ट झालेली नाही. नसांची आठवण लवकर पुसत नाही, इतकेच.

काखेतील गाठी काढल्यावर हात पुढे केव्हाही सुजू शकतो. त्या हातात घट्ट बांगड्या ठेवू नयेत. सवाष्णीचा हात रिकामा कसा, असे म्हणणाऱ्यांना दुसरा हात दाखवावा. भाकरी थापताना चटका, विळीचा काप, कापूस वेचताना बोंडाची ओरख, सारे किरकोळ वाटते, पण जखम लगेच धुऊन औषध लावावे. त्या हातावर सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा नको, हा जुना नियम. एखाद्या सुईने हात सुजतोच असे अलीकडच्या अभ्यासांत दिसलेले नाही, तरी दुसरा हात असताना तोच पुढे करावा हे बरे.

आणि पाणी! आपल्या शहरात वर्षानुवर्षे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आले आहे. नळ आला की घरातील प्रत्येक बाई हंडा घेऊन धावते. भरलेला हंडा दहा-पंधरा किलोंचा असतो. या बाईने दीड महिना तरी तांब्या-पेल्यावर भागवावे. हंडा घरातील पुरुषाने उचलला तर काही बिघडत नाही.

पथ्य आणि मिश्री

अंडी-मटणाने जखम चिघळते, आंबटाने पू होतो, वांग्याने खाज सुटते, असे सांगून बाईला पंधरा दिवस वरणाच्या पाण्यावर ठेवतात. जखम भरायची तर शरीराला प्रथिने लागतात. अंडी, मासे, मटण, डाळी, दूध, शेंगदाणे, जे परवडेल आणि रुचेल ते द्यावे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे हेच खरे पथ्य. वेदनेच्या गोळ्यांनी शौचास कडक होते म्हणून पाणी आणि भाजीपाला जास्त द्यावा. टाक्यांवर हळद, राख किंवा कुठलाही लेप लावू नये.

खरे पथ्य ज्याचे पाळायला हवे त्याचे कोणी नावच घेत नाही. ती म्हणजे मिश्री. तंबाखूतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. ऑपरेशननंतर कातडीचा पदर आधीच थोड्या रक्तावर जगत असतो. त्यात सकाळ-संध्याकाळ मिश्री लावली तर त्याची कड काळी पडून मरू शकते. बिडी न ओढणारी बाई मिश्रीला व्यसन मानीत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर ती नाही असे उत्तर देते. घरच्यांनी खरे सांगावे.

कृत्रिम स्तन बसवला असेल तर

आता काही भगिनी त्याच वेळी किंवा नंतर सिलिकोनचा कृत्रिम स्तन बसवून घेतात. काही तरुण मुली कर्करोग नसतानाही, दोन बाजूंत फार फरक आहे म्हणून, हे ऑपरेशन करतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. अशी पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६२ साली झाली.

या बायांची पहिली तक्रार एकच असते: हे फार वर आणि फार टणक दिसते, आमचे बिघडले का? स्नायू ताठलेला असतो आणि सूज असते. दोन्ही बाजूंची सूज सारखी उतरत नाही. आकार खाली येऊन मऊ होण्यास साधारण तीन महिने लागतात, तोवर आरशाचे ऐकू नये. मधूनच वीज चमकल्यासारखी कळ येते, पहिले काही दिवस आत पाणी डुचमळल्यासारखे वाटते, बोंडशी बधिर होते किंवा उलट कपडाही सहन होत नाही. यातील बहुतेक आपोआप कमी होते. उताणे, पाठीला दोन उशा लावून निजावे. पुढून उघडणारी, तारा नसलेली चोळी वापरावी. हातांवर भार देऊन उठू नये. व्यायामाच्या बाबतीत या भगिनींना नियम थोडा वेगळा असतो. हात केव्हा वर न्यायचा हे आपल्याच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

कृत्रिम स्तन जन्मभर टिकतोच असे नाही. त्याभोवती शरीर एक आवरण तयार करते, ते कधी आवळून कठीण होते, आणि शेक घेतलेल्या बाजूला हे जास्त घडते. म्हणून शेक द्यावा लागणार का, हे ऑपरेशनपूर्वीच विचारावे. दवाखान्यातून मिळणारे कार्ड, ज्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो, ते रेशनकार्डाइतके जपावे. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय दर्जाचे नसलेले सिलिकोन भरल्याचे २०१० साली उघडकीस आले. २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीने खरबरीत पृष्ठभागाचे काही प्रकार जगभरातून परत मागविले, कारण त्यांचा एका विरळ लसिका-कर्करोगाशी संबंध आढळला. आपल्याला कोणता बसविला हे कार्डाशिवाय कसे कळणार?

आपला निधी नसेल किंवा इच्छा नसेल तर कापडाची, कापूस भरलेली पिशवी चोळीत शिवून घेता येते. जखम पूर्ण भरल्यावर, दीड-दोन महिन्यांनी, थोडे वजन येण्यासाठी काही बाया तीत मोहरी भरतात. खांदे समतोल राहतात आणि पदर नीट बसतो.

केव्हा धावावे

ताप १००.४ अंशांवर गेला, एकच बाजू एकाएकी फुगून ताठ झाली, लाली पसरत चालली, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी आली, कातडी काळी पडू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर त्याच तासाला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई विनाकारण रडते. पट्टी सुटताना प्रथमच छाती पाहणे हा मोठा प्रसंग असतो. तिला हवे असेल तर नवऱ्याने जवळ बसावे, आणि नको म्हणाली तर बाहेर थांबावे. आठवड्यांनंतरही ती न जेवता, न झोपता बसून राहत असेल तर डॉक्टरांना तेही सांगावे.

शेवटी कागदपत्रांविषयी. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल येण्यास दोन-तीन आठवडे लागतात आणि पुढचा सारा उपचार त्यावर ठरतो. जखम भरली म्हणून बाई शेतावर जाते आणि अहवाल दवाखान्यातच पडून राहतो, असे मी फार पाहिले. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. आपल्या उपचारातील काय काय तीत बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावे. घरातील शिकणाऱ्या मुलीने किंवा मुलाने एक फाईल करावी: रेशनकार्ड, आधारकार्ड, डिस्चार्ज कार्ड, अहवाल, पाण्याचे आकडे आणि पुढच्या तपासणीची तारीख. त्या तारखेला बाईबरोबर कोण जाणार, हेही त्याच दिवशी ठरवून टाकावे.