ई-स्पोर्ट्सचे खेळाडू आणि प्रशिक्षक: स्क्रीनसमोरच्या शरीराची काळजी कोण घेते?

"मी गेम खेळत नाहीये, प्रॅक्टिस करतोय." हे वाक्य आता बऱ्याच घरांत ऐकू येते. पालकांना ती पळवाट वाटते, पण ई-स्पोर्ट्स हा आता पगार, करार आणि प्रशिक्षक असलेला व्यवसाय झाला आहे. डिसेंबर 2022 मध्ये भारत सरकारने त्याला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यासाठी पदकेही दिली गेली.

या व्यावसायिक संघांत कोण कोण असते, त्यांच्या शरीरावर कोणता ताण येतो आणि घरी खेळणाऱ्या मुलासाठी त्यातून काय शिकता येते, ते या लेखात पाहू.

संघात कोण कोण असते?

'लीग ऑफ लेजंड्स', 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'डोटा 2' या खेळांत एका संघातून पाच जण खेळतात. भारतात लोकप्रिय असलेल्या 'बीजीएमआय'मध्ये चौघांचे पथक असते. प्रत्येकाचे काम ठरलेले असते. कोणी पुढे होऊन हल्ला करतो, कोणी साथीदारांना आधार देतो, तर एक जण सामना चालू असताना बाकीच्यांना सूचना देतो. क्रिकेटच्या कर्णधारासारखेच हे काम असते.

त्यांच्यामागे मुख्य प्रशिक्षक, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारा विश्लेषक आणि राखीव खेळाडू असतात. मोठ्या संघांत फिजिओथेरपिस्ट, क्रीडा मानसशास्त्रज्ञ आणि आहाराकडे लक्ष देणारी माणसेही असतात. ही शेवटची मंडळी का लागतात, हे काही खेळाडूंच्या अनुभवावरून समजेल.

फेकर: दुखणाऱ्या हाताला दिलेली विश्रांती

दक्षिण कोरियाच्या 'टी1' संघाचा ली सांग-ह्योक 'फेकर' या नावाने ओळखला जातो. 'लीग ऑफ लेजंड्स'चा तो सर्वांत यशस्वी खेळाडू मानला जातो. 2013 मध्ये त्याने व्यावसायिक खेळाला सुरुवात केली आणि त्याच वर्षी पहिले जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतर 2015, 2016, 2023, 2024 आणि 2025 मध्येही तो जगज्जेता ठरला. यांपैकी पाच वेळा, म्हणजे 2023 सोडून, संघाचे प्रशिक्षक किम जंग-ग्युन होते. चाहते त्यांना 'कोमा' म्हणतात.

जुलै 2023 मध्ये हात आणि मनगटाच्या दुखण्यामुळे फेकरने काही आठवडे विश्रांती घेतली. त्या काळात टी1 ने आठपैकी फक्त एक सामना जिंकला. तरीही त्याला थांबू दिले गेले. ऑगस्टमध्ये तो परतला आणि नोव्हेंबरमध्ये सोल येथे याच संघाने जागतिक विजेतेपद जिंकले.

हात का दुखतो? वेगवान खेळात खेळाडू मिनिटाला शेकडो वेळा कळ दाबतो किंवा माउस हलवतो. प्रत्येक हालचाल छोटी असते, पण त्याच त्या कंडरांवर तासन्‌तास ताण येतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला कंडरा म्हणतात. ताणलेल्या कंडरेला सावरायला वेळ मिळाला नाही की ती दुखू लागते. मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब आला तर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मोबाइलवर खेळणाऱ्यांमध्ये अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखणे जास्त दिसते.

क्लिंटन लूमिस: जखमी खेळाडू प्रशिक्षकाच्या खुर्चीत

'डोटा 2' खेळणारा अमेरिकन खेळाडू क्लिंटन लूमिस 'फियर' या नावाने खेळत असे. 2014 मध्ये त्याला टेनिस एल्बो झाला, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेचे दुखणे. 'इव्हिल जिनियसेस' संघाने त्याची जागा दुसऱ्या खेळाडूला दिली, पण लूमिसला बाहेर काढले नाही. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत तो प्रशिक्षक म्हणून संघाबरोबर होता. हात बरा झाल्यावर तो पुन्हा खेळू लागला आणि ऑगस्ट 2015 मध्ये सिॲटल येथे संघाने तीच स्पर्धा जिंकली. तेव्हा तो 27 वर्षांचा होता.

दुखापत झाली म्हणजे खेळ संपला असे नाही. मात्र विश्रांतीच्या काळात संघात आपले स्थान टिकेल, असा भरवसा असेल तरच खेळाडू वेळेवर थांबतो.

उझी: विशीतला मधुमेह

चीनचा ज्येन झीहाओ, म्हणजे 'उझी', हाही 'लीग ऑफ लेजंड्स'मधला नावाजलेला खेळाडू. जून 2020 मध्ये, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. टाइप 2 मधुमेह आणि हाताची दुखापत ही त्यामागची कारणे होती. वर्षानुवर्षांचा ताण, तेलकट खाणे आणि जागरणे यांचा परिणाम झाल्याचे त्याने स्वतः सांगितले. पुढे तो काही काळ पुन्हा खेळला.

हे उदाहरण आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. भारतीयांमध्ये टाइप 2 मधुमेह तुलनेने कमी वयात आणि कमी वजन असतानाही होतो. बराच वेळ बसून राहिल्याने स्नायू रक्तातील साखर कमी वापरतात. झोप अपुरी झाली की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि भूक वाढते. त्यात चिप्स, शीतपेये आणि एनर्जी ड्रिंकची भर पडते. घरात कोणाला मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

ॲस्ट्रालिस: मनाचा थकवा

डेन्मार्कचा 'ॲस्ट्रालिस' हा 'काउंटर-स्ट्राइक'चा संघ मोठ्या स्पर्धांत अखेरच्या टप्प्यावर दबावाखाली हरतो, अशी टीका होत असे. 2016 मध्ये मिया स्टेलबर्ग या फिनलंडच्या क्रीडा मानसशास्त्रज्ञ संघाबरोबर काम करू लागल्या. जानेवारी 2017 मध्ये प्रशिक्षक डॅनी सोरेन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने अटलांटाची मेजर स्पर्धा जिंकली. पुढे आणखी तीन मेजर जिंकल्या.

याच संघाचा कर्णधार लुकास रोसांडर याने मे 2020 मध्ये ताण आणि बर्नआउटमुळे रजा घेतली. थोड्याच दिवसांत त्याचा सहकारी आंद्रेआस हॉयस्लेथ यानेही तसेच केले. काही महिन्यांनी दोघेही परतले. जगातल्या सर्वोत्तम संघातही मन थकते, आणि त्यासाठी रजा घेता येते, हे यातून दिसले.

दुखणे लपवले का जाते?

अमेरिका आणि कॅनडातील 65 महाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स खेळाडूंचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 56 टक्के खेळाडूंचे डोळे थकत होते, 42 टक्के जणांची मान किंवा पाठ दुखत होती आणि 36 टक्के जणांचे मनगट दुखत होते. 40 टक्के खेळाडू कोणताही व्यायाम करत नव्हते. आणि त्रास असलेल्यांपैकी डॉक्टरांकडे गेले होते फक्त 2 टक्के.

म्हणजे दुखणे असते, पण ते सांगितले जात नाही. 'सांगितले तर संघातून काढतील' ही भीती खेळाडूला असते. घरी 'सांगितले तर मोबाइल काढून घेतील' ही भीती मुलाला असते. चांगला प्रशिक्षक ही भीती दूर करतो. तो डाव शिकवतो, पण त्याआधी हात झटकणारा, डोळे चोळणारा, चिडचिडा झालेला खेळाडू त्याच्या नजरेत येतो. घरी हे काम आईवडिलांचे आहे.

घरी काय कराल?

- दर 45 ते 60 मिनिटांनी पाच मिनिटे उठून चालायला लावा.
- दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 20 फुटांवरच्या वस्तूकडे बघायला सांगा. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात.
- पलंगावर लोळून खेळू देऊ नका. पाठीला आधार, पाय जमिनीवर आणि मनगट सरळ असावे.
- 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी. झोपण्याआधी तासभर खेळ बंद ठेवा.
- रोज किमान 60 मिनिटे शारीरिक हालचाल हवी. मैदान, सायकल, पोहणे, काहीही चालेल.
- मुलांना एनर्जी ड्रिंक देऊ नका.
- "दुखतं का?" असे अधूनमधून शांतपणे विचारा. उत्तर 'हो' आले तर लगेच मोबाइल हिसकावू नका. पुढच्या वेळी ते 'नाही' म्हणतील.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवडे खेळ कमी करूनही हात दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळत राहू नका. वारंवार तहान आणि लघवी लागणे, वजन घटणे, मानेची त्वचा काळवंडून जाड होणे अशी लक्षणे असल्यास रक्तातील साखर तपासा. एका बाजूचा पाय अचानक सुजला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जास्त वेळ खेळणे म्हणजे लगेच व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे, हे साधारणपणे 12 महिने दिसले तर त्याला गेमिंग डिसऑर्डर म्हणतात. शाळा सुटू लागली, मित्र तुटले, जेवणखाण विस्कटले तर मात्र वर्षभर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

गेम खेळणाऱ्यांपैकी फारच थोडे व्यावसायिक होतात. पण मनगट, डोळे, झोप आणि साखर सगळ्यांनाच आयुष्यभर सांभाळायची असते. तुमच्या मुलाला फेकरसारखे खेळायचे असेल, तर फेकर जुलै 2023 मध्ये थांबला होता हेही त्याला सांगा.