घराला पडदे किती हवेत?

रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. जेवणे आटोपलेली असतात. बाहेरच्या खोलीत आजोबा टीव्हीसमोर बातम्या ऐकता ऐकता पेंगत असतात. मुलगा कानांत हेडफोन घालून मोबाइलवर परदेशी मालिका पाहण्यात गर्क असतो. मुलीने आतल्या खोलीचे दार लोटून घेतलेले असते. आईची मालिका ओट्यापाशी चाललेली असते आणि वडील गॅलरीत क्रिकेटचा सामना पाहत उभे असतात. पाच माणसे, पाच पडदे आणि संभाषण मात्र एकही नाही! आपल्या मध्यमवर्गीय घरांत आज हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की, त्यात काही विशेष आहे असे कोणास वाटतही नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे. ‘गजरा’ किंवा शनिवारचा मराठी चित्रपट पाहण्यास सारा मजला त्या बिऱ्हाडी लोटत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. निवड करावयास तेव्हा दुसरे काही नव्हतेच आणि जे दाखविले जाई ते मुकाट्याने पाहावे लागे. तथापि, पाहिलेल्या गोष्टीवर दुसऱ्या दिवशी जिन्यात आणि नळावर जी चर्चा रंगे, ती त्या एकाच पडद्याची देणगी होती, हेही नाकारता येणार नाही.

ज्यांना आज सर्रास ‘ओटीटी’ म्हटले जाते, त्या सेवांनी ही निवडीची उणीव पुरेपूर भरून काढली. हॉटस्टार २०१५ मध्ये आले. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ या सेवा २०१६ मध्ये आल्या. त्यांचा लाभ मोठा आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळवून आला आणि पुढच्याच वर्षी नेटफ्लिक्समुळे तो घरबसल्या पाहता आला. चित्रपटगृहांच्या भरवशावर राहते, तर किती गावांतील रसिकांपर्यंत तो पोहोचला असता? तेव्हा प्रश्न या सेवा घ्याव्यात की नाही हा नसून, त्या कुटुंबाने कशा निवडाव्यात हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर दरपत्रकातच दडलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातील आपले दर उतरविले, तेव्हाचे कोष्टक पाहावे. १४९ रुपयांची मासिक योजना केवळ मोबाइल वा टॅबलेटपुरती. १९९ रुपयांची योजना एकाच पडद्याची, पण तो पडदा टीव्हीचाही चालतो. ४९९ रुपयांत एका वेळी दोन पडदे आणि ६४९ रुपयांत चार. बारकाईने पाहिल्यास ध्यानात येते की, सर्वांत स्वस्त योजना एकट्या माणसासाठी आहे आणि सर्वांत महाग योजना चार एकट्या माणसांसाठी! एकत्र बसून पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबास या दोन्हींचा उपयोग नाही. त्याला हवी ती एका पडद्याची योजना. चार पडद्यांच्या तुलनेत तिच्यामुळे वर्षाकाठी ५,४०० रुपये वाचतात. पगारावर चालणाऱ्या घरात ही रक्कम थोडी नव्हे. मोबाइलच्या रिचार्जबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या सेवाही पुष्कळदा मोबाइलपुरत्याच असतात, हेही तपासून पाहावे.

दुसरा नियम असा की, आधी कार्यक्रम ठरवावा आणि मग सेवा. आपण नेमके उलट करतो. जाहिरात पाहून वर्षाची वर्गणी भरतो आणि मग पाहण्याजोगे काय आहे ते शोधत बसतो. वर्षभराचा दर स्वस्त दिसतो खरा, परंतु वर्षभर सेवा तीच राहील याची हमी कोण देणार? प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून कार्यक्रमांमध्ये जाहिराती आणल्या आणि त्या नकोत तर वेगळे पैसे मागितले. हॉटस्टार आणि जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये एकत्र झाले. अशा अस्थिर बाजारात एका वेळी एकच सेवा, महिन्यापुरती घ्यावी. हवे ते पाहून झाले की ती थांबवून दुसरी घ्यावी. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकास मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये.

मुलांच्या बाबतीत मात्र केवळ हिशेब पुरत नाही. चित्रपटगृहात जाणाऱ्या चित्रपटास प्रमाणपत्र देणारे मंडळ आहे. ओटीटीवरील कार्यक्रमांचे वर्गीकरण मात्र कंपन्या स्वतःच करतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि प्रौढांसाठी अशा पाच श्रेणी आहेत. १३ वर्षांवरील व त्यापुढच्या श्रेणींसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणेही कंपन्यांवर बंधनकारक आहे. पण सोय देणे कंपनीचे काम असले, तरी कुलूप लावणे पालकांचेच काम आहे. आणि खरे सांगावयाचे तर, बाहेरच्या खोलीतील टीव्हीशेजारी बसलेली आजी हे कोणत्याही सांकेतिक आकड्यापेक्षा अधिक खात्रीचे कुलूप आहे.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येकाची आवड वेगळी, ती एका पडद्यावर कोंबणे ही जबरदस्तीच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. रोज सर्वांनी एकत्रच बसावे असा आग्रह कोणीही धरू नये. विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे जग हवेच. परंतु आठवड्यातील दोन संध्याकाळी तरी पडदा सामाईक असावा आणि काय पाहावयाचे हे ठरविण्याची पाळी प्रत्येकास मिळावी. आजोबांच्या पाळीला नातवाने जुना कृष्णधवल चित्रपट पाहावा. नातवाच्या पाळीला आजोबांनी त्याची परदेशी मालिका पाहावी आणि न समजलेले त्यालाच विचारावे. दुसऱ्याच्या आवडीचे दोन तास सोसण्यातूनच घरातील माणसे परस्परांस कळतात.

महिन्याच्या पहिल्या तारखेस वाण्याची यादी करताना आपण घरातील सर्वांना विचारतो. मनोरंजनाची यादीही तशीच व्हावी. काय पाहावयाचे, किती दिवस आणि कोणासोबत, हे तीन प्रश्न त्या यादीच्या शिरोभागी असावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे पैशांत मोजता येतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र कोणत्याही दरपत्रकात सापडावयाचे नाही. ते घरातच शोधावे लागेल.